गोणपाटाचा देवगिरी

दिवाळीत मुले मातीचा किल्ला करतात या विषयावर मराठी माणूस बोलू लागला की थोड्याच वेळात तो आपल्या बालपणात जाऊन पोहोचतो, आणि एकदा तेथे पोहोचला की किल्ला बाजूला राहतो. आम्हांस त्या वाटेने जावयाचे नाही. किल्ला ही एक बनवलेली वस्तू आहे. ती घरातल्या टाकाऊ जिनसांतून बनते. मोठी गोष्ट लहान आकारात उभी करताना जे प्रश्न पडतात, ते साहित्याच्या वाचकालाही अगदीच परके नसावेत, एवढ्या भरवशावर हे लिहीत आहोत.

पहिला प्रश्न प्रमाणाचा. दौलताबादचा डोंगर पायथ्यापासून सुमारे सहाशे फूट उंच आहे. तो तीन फुटांत बसवायचा तर प्रमाण एकास दोनशे असे पडते. या हिशेबाने साडेपाच फुटी माणूस पाव इंचाहून किंचित मोठा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा व्हायला हवा. बाजारात मिळणारा मावळा मात्र तीन इंचांचा असतो. त्याला या डोंगरावर उभा केला की तो पन्नास फुटी ठरतो. सिंहासनावरचे सहा इंची महाराज शंभर फुटांचे! मोजपट्टी घेऊन बसणाऱ्याला हा अनाचार वाटेल. परंतु अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात यशोधरा आणि राहुल यांच्यासमोर उभा असलेला बुद्ध पाहावा. तो त्या दोघांच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि चित्रकाराला माणसाची उंची ठाऊक नव्हती असे कोणी म्हणत नाही. महत्त्व ज्याचे जास्त त्याचा आकार मोठा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. मुले ती कोणी न शिकवता पाळतात. म्हणून मावळ्यांच्या उंचीबद्दल आमची तक्रार नाही. प्रमाणाची खरी परीक्षा माणसांत होत नाही, ती जमिनीच्या पोतात होते.

पोत म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, रवाळपणा, चिरा आणि उंचसखलपणा. वस्तू लहान केली तरी तिच्या पोताचा कण आपोआप लहान होत नाही. नदीची वाळू डोंगरावर टाकली की प्रत्येक कण धोंडा होऊन बसतो. ती मैद्याच्या चाळणीतून चाळली तर मुरमाड जमीन दिसते, आणि जुन्या साडीतून चाळलेली माती तुडवलेल्या पायवाटेसारखी दिसते. एकच पदार्थ, चाळण बदलली की त्याचा अर्थ बदलतो. वाळवलेला चहाचा चोथा पावसाळ्यानंतरच्या कुजलेल्या पाचोळ्याचे काम करतो. सुकलेल्या घोसाळ्याची जाळी कातरून हिरव्या रंगात बुडवली की झुडपे होतात. नारळाची शेंडी पिंजून वाळके गवत होते, खराट्याच्या टोकाकडच्या काड्या निष्पर्ण बाभळी होतात. अळिवाचे दाणे भिजले की बुळबुळीत होतात आणि म्हणूनच उतरणीवरही चिकटून राहतात. चारपाच दिवसांत ते दोन इंच वाढतात. एकास दोनशेच्या हिशेबात दोन इंच म्हणजे तेहतीस फूट, अर्थात चांगला वाढलेला वृक्ष. म्हणून अळीव हे रान आहे. गहू पेरला तर तो सहा इंचांपर्यंत जातो आणि शंभर फुटी अरण्यात तटबंदी बुडून जाते. हा हिशेब मुलांपुढे मांडला की त्यांना त्रैराशिक एका संध्याकाळी समजते, असा आमचा अनुभव आहे.

पाणी मात्र कोणाचेच ऐकत नाही. त्याचा थेंब लहान होत नाही आणि काठाशी ते फुगून उभे राहते. खंदकात खरे पाणी ओतले तर माती ते पिऊन टाकते. खाली काळे प्लास्टिक अंथरून त्यावर बोटभर पाणी ठेवले तर तळ दिसत नाही आणि खोली असल्याचा भास होतो. निळा कागद लावण्यापेक्षा हे बरे, कारण खंदकाचे पाणी निळे नसते.

आता माती. या बाबतीत आम्ही मराठवाड्याचे लोक पुण्या-कोकणाकडच्या मंडळींपेक्षा अडचणीत आहोत. तिकडच्या लाल मातीचा किल्ला वाळल्यावरही अंग धरून राहतो. आमची काळी माती कापसाला आणि ज्वारीला चांगली; शिल्पाला नाही. तिच्यातली चिकणमाती ओल मिळताच फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे, आणि अंगणातल्या किल्ल्यालाही धनत्रयोदशीला लिंपल्यास पाडव्यापर्यंत तशाच भेगा पडतात. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले जातात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीत वस्ती असते. धाब्याच्या घरांच्या भिंती आणि छत पांढऱ्या मातीचे असे, काळीचे नसे; कारण घर भेगाळून चालत नाही. किल्ला ही वस्ती आहे, तेव्हा तोही पांढरीचाच हवा. आम्ही आतला भराव विटांचे तुकडे, दगड आणि काळी माती यांचा करतो आणि वरचा हात पांढऱ्या मातीचा देतो. तिच्यात बारीक कापलेले गवत, लाकडाचा भुसा आणि थोडे शेण घालून गारा दोन दिवस मुरू द्यावा लागतो. तंतू भेगेला आडवे येतात आणि भेग पुढे सरकत नाही.

ही युक्ती आमची नव्हे. अजिंठ्याची चित्रे ज्या गिलाव्यावर काढली आहेत तो मातीचाच असून त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले, आणि कीड दूर ठेवण्यास ते उपयोगी पडले असावेत असेही त्या संशोधकांनी सुचवले. चिकटवण्याच्या खळीला मुंग्या लागतात हे ज्याने किल्ला केला आहे त्याला सांगावे लागत नाही. पूर्वी खळीत मोरचूद घालत. मुलांच्या हाती ते विष देणे बरे नव्हे, म्हणून आम्ही चिंचोक्याच्या खळीत कडुनिंबाचा पाला उकळून घालतो. वेरुळाच्या कारागिराची चिंता आणि आमची चिंता एकाच जातीची आहे, हे ध्यानात आले तेव्हा बरे वाटले.

२०२५ च्या दिवाळीत आमच्या इमारतीच्या मुलांनी किल्ला करायचा ठरवला. त्याच वर्षी जुलैमध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला होता. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मुलांना बाराही नावे पाठ होती. रायगड की राजगड यावर दोन तट पडले. देवगिरीचे नाव कोणीच घेतले नाही. आमच्या गच्चीवरून वेरूळच्या दिशेला तो डोंगर स्वच्छ दिसतो. जेथून जो किल्ला दिसतो तेथे तोच किल्ला होऊ नये याचे आम्हांस नवल वाटले, आणि तसे आम्ही बोलून दाखवले. मुले तयार झाली. मुलांना बहुधा काहीही चालते. प्रश्न मोठ्यांत निघाला, त्याकडे येतोच.

माती आणायला गोदाकाठच्या एका गावी आमच्या नातलगांकडे गेलो. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीने पिके तर गेलीच, कित्येकांची जमीनही खरडून गेली होती. खेळण्यासाठी त्यांच्याकडे माती मागायची कशी, या विचाराने आम्ही दारात घुटमळत होतो. त्यांनीच विषय काढला. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. “गंगेनं नेऊन उरली ती न्या की,” ते म्हणाले आणि दोन पोती भरून देताना तिसरे रिकामे पोते झाकायला दिले. त्या मातीत बाजरीची धाटे आणि बारीक शिंपले होते. शिंपले आम्ही वेचून काढले नाहीत.

देवगिरी करायला घेतला की कळते, हा इतर किल्ल्यांसारखा नाही. रायगड-राजगडाचे कडे निसर्गाने दिलेले आहेत. देवगिरीचा डोंगर निसर्गाने दिला, पण त्याचा कडा माणसांनी केला. डोंगराच्या खालच्या अंगाला सुमारे दीडशे फुटांपर्यंत चहूबाजूंनी खडक उभा तासून काढला आहे, आणि त्याच्या तळाशी खडकातच खंदक खोदला आहे. म्हणजे येथे तटबंदीचा बराच भाग बांधलेला नसून वजा केलेला आहे. जवळच वेरूळला कैलास लेणे असेच वरून खाली तासत केलेले. खडक काढून टाकून इमारत शिल्लक ठेवण्याची विद्या या परिसरात होतीच. आमच्या तीन फुटी डोंगरात हा कडा नऊ इंचांचा. त्याचा पोत गुळगुळीत आणि त्याच्या वरचा डोंगर खडबडीत, हा फरक दाखवता आला तर देवगिरी साधला. नाही तर तो कुठलाही मातीचा ढीग.

वरच्या भागासाठी गोणपाट. विटांच्या उतरंडीवर ते आधी सुकेच पसरून सुरकुत्या पाडायच्या, मग पातळ गाऱ्यात बुडवून पिळून तसेच घालायचे. पिळताना पडलेल्या चुण्या म्हणजे डोंगराच्या सोंडा आणि घळी. सह्याद्री आणि त्याच्या डोंगररांगा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर बसून झाल्या आहेत. ते थर आडवे दिसतात. ओल्या गाऱ्यावर मोडकी फणी आडवी ओढली की ते थर येतात. खालच्या नऊ इंचांना गोणपाट नाही. तेथे साडीतून चाळलेली पांढरी माती, आणि वाटीच्या बुडाने घोटणे. रंगाला चुलीची राख आणि कोळशाची पूड. अंबरकोट, महाकोट आणि काळाकोट या तीन तटांसाठी काडेपेट्या आडव्या लावून त्यांवर वाळू मिसळलेली खळ फासली. बुरुजांना पावडरीचे रिकामे डबे. बालेकिल्ल्याकडे जाण्याचा जो प्रसिद्ध अंधारी मार्ग आहे त्यासाठी मुलांनी जुन्या सायकलच्या टायरचा तुकडा डोंगराच्या पोटात पुरला. बाहेरून त्याचा मागमूस नाही. पाहणाऱ्याला तो कळणार नाही, असे आम्ही म्हटले. त्यावर एकाने खालच्या तोंडाशी उदबत्ती धरली, आणि थोड्या वेळाने डोंगराच्या वरच्या अंगाने धूर निघाला. अंधारीत शिरलेल्या शत्रूवर धूर सोडण्याची सोय होती असे तेथे सांगतात. पुस्तकातले वाक्य असे डोळ्यांदेखत वर येताना पाहणे हे सुख निराळे.

आता मोठ्यांचा प्रश्न. चांद मिनार करायचा की नाही? बहमनी अमदानीत पंधराव्या शतकात बांधलेला हा मिनार पायथ्याशी उभा आहे, आणि दौलताबादचे कोणतेही छायाचित्र त्याच्यावाचून पुरे होत नाही. आमच्याकडे शिवणाच्या दोऱ्याची रिकामी रिळे होती. ती एकावर एक ठेवली की रिळांच्या कडा थेट मिनाराच्या सज्जांसारख्या दिसतात. मुलांनी ती चिकटवून चुना-गेरूचा हातही दिला. तेव्हा एक सद्गृहस्थ, ज्यांचा मुलगा या कामात सर्वांत पुढे होता, आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, “काका, आपण यादवांचा देवगिरी करतोय ना? मग हे कशाला?” स्वरात भांडण नव्हते. आमच्या शहराने नावांचा बराच प्रवास केला आहे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, आणि २०२३ पासून अधिकृतरीत्या छत्रपती संभाजीनगर. अशा शहरात अंगणातल्या किल्ल्यालाही कोणाचा म्हणून विचारले जाते.

त्या प्रश्नाला आम्ही हसण्यावारी नेले नाही. यादवांचा देवगिरी करणे शक्य आहे का, हे खरोखरच पाहू लागलो. मग तोफा काढाव्या लागतील. तेराव्या शतकात दख्खनेत तोफ नव्हती. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान जेथे १६८७ नंतर कैदेत होता तो चिनी महाल काढावा लागेल, मोगलांची बारादरीही काढावी लागेल. आत एक जुनी मशीद आहे. तिचे कित्येक खांब मंदिरांचे आहेत, आणि हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर तेथे भारतमातेची मूर्ती बसली. एवढ्या एका इमारतीतून काय काढायचे आणि काय ठेवायचे? ज्या किल्ल्याचे किल्लेदार जनार्दनस्वामी होते आणि जेथे एकनाथांनी त्यांची सेवा केली, तो किल्लाही यादवांचा नव्हे. तो निजामशाही अमदानीतला. काढत काढत गेलो तर उरतो तो तासलेला कडा. सगळे काढून टाकण्याची कला त्या कड्याला शोभली. आम्हांला ती पेलणारी नव्हती.

हे सारे त्या गृहस्थांना सांगण्याची वेळच आली नाही. दहा वर्षांची एक मुलगी खळीचे हात फ्रॉकला पुसत म्हणाली, “मिनार नसला तर हा आपला किल्ला आहे हे लोकांना कळणार कसं?” ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पटले असेल असे आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाबरोबर पणत्या पाठवल्या. नावाच्या पाटीवरून पुन्हा देवगिरी की दौलताबाद असा वाद झाला आणि ती पाटी कोरीच राहिली. पाहायला आलेल्यांपैकी कोणी एक नाव घेतले, कोणी दुसरे. ओळखला मात्र सर्वांनी.

या किल्ल्याविषयी एक गोष्ट इतिहासग्रंथांत येते. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ज्या रामचंद्र राजाचा उल्लेख आहे, त्याच्यावर १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला. सैन्य बाहेर गेलेले. राजा किल्ल्यात शिरला. घाईघाईने पोती वर चढवली गेली. वेढा पडल्यावर उघडून पाहतात तर धान्याऐवजी मीठ. कडा शाबूत, खंदक शाबूत, आणि किल्ला पोत्यांनी हरला. गोष्टीत किती तथ्य असेल ते असो. पण गाऱ्यात भिजलेले गोणपाट हातात असताना ती आठवल्यावाचून राहत नाही. बाहेरून धान्याचे पोते आणि मिठाचे पोते सारखेच दिसते. लहान देखावा करणाऱ्याची सारी कारागिरी याच साम्यावर चालते. चहाचा चोथा पाचोळा म्हणून खपतो, रीळ मिनार म्हणून. पाहणाऱ्याने पोते उघडू नये एवढीच अपेक्षा. खेळात हे गोड आहे. मात्र ‘आमचा इतिहास’ असे लिहिलेली पोती जेव्हा आपण मुलांच्या डोक्यावर चढवतो, तेव्हा वेढा पडण्याच्या आधीच कोणीतरी ती उघडून पाहिलेली बरी. मिनार गाळलेला देवगिरी हे आमच्या मते तसले पोते झाले असते. दिसायला अधिक शुद्ध, आणि उपयोगाच्या वेळी खारट.

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, सीमेवरच्या किल्ल्यांच्या प्रतिकृती सरकारी खर्चाने करवल्या गेल्या. प्रमाण एकास सहाशे. साहित्य लाकूड, कागद, रेशीम. त्यांतल्या कित्येक आज पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. त्या काळी मात्र त्या गुपित होत्या, कारण ज्याच्या हाती प्रतिकृती त्याच्या हाती किल्ल्याचे मर्म. आमच्याकडचे किल्ले रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे म्हणून होतात, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत टिकले तरी खूप. आमचाही तेवढाच टिकला. भुसा आणि गवत असूनही तासलेल्या कड्यावर एक बारीक भेग आली होती. अळिवाचे रान पिवळे पडून आडवे झाले. मग मुलांनी विटा जागच्या जागी नेऊन ठेवल्या, रिळे धुऊन परत केली, आणि ती दोन पोती माती, तिच्यातल्या बाजरीच्या धाटांसकट आणि शिंपल्यांसकट, आम्ही गोदाकाठी परत पोचवली. नातलगांनी ती बांधाच्या खचलेल्या जागी टाकून घेतली. गोणपाट तेवढे ठेवून घेतले आहे. त्याच्या चुण्या धुतल्यावरही गेलेल्या नाहीत.